आढ्याचे पाणी आणि गोठलेली वळचण : पन्हळीतील विद्युत हीटिंग केबलचे कार्य आणि मर्यादा

प्रस्तावना

'आढ्याचे पाणी वळचणीला' ही म्हण कौलारू घरात राहणाऱ्या समाजाच्या अनुभवातून आलेली आहे. छपरावर पडलेले पाणी उताराने खालीच येणार, यात कोणालाही शंका वाटत नाही. वळचणीवरून पडणाऱ्या पाण्याच्या धारांसाठी मराठीत 'पागोळी' असा स्वतंत्र शब्द आहे आणि त्या पाण्याला वाट करून देणाऱ्या नळीसाठी 'पन्हळ' हाही शब्द जुनाच आहे. मात्र हिवाळ्यात तापमान अनेक आठवडे शून्याखाली राहते अशा प्रदेशांत ही म्हण खोटी ठरते. तेथे आढ्याकडून निघालेले पाणी वळचणीपाशी येऊन गोठते, त्या गोठलेल्या पाण्याचा बांध तयार होतो आणि मागून येणारे पाणी उलट दिशेने, छपराच्या आवरणाखालून घरात शिरते. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत आणि कॅनडात हा दरवर्षीचा अनुभव आहे. त्यावरचा बाजारात सहज मिळणारा उपाय म्हणजे पन्हळीत, उभ्या नळात व छपराच्या कडेवर बसवावयाची विद्युत हीटिंग केबल. ही केबल कशी चालते, ती नेमके काय साध्य करते आणि काय साध्य करू शकत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. विवेचनाच्या सोयीसाठी आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत पदार्थास 'हिम' व पाणी गोठून झालेल्या घन पदार्थास 'बर्फ' असे म्हटले आहे.

बांध कसा तयार होतो

हा बर्फ केवळ थंडीमुळे तयार होतो, हा पहिला गैरसमज होय. केवळ थंडी असती तर छपरावरचे हिम हिमच राहिले असते. ते वितळल्याशिवाय पाणी नाही आणि पाण्याशिवाय बर्फ नाही. म्हणजे वळचणीवरचा बर्फ ही प्रत्यक्षात उष्णतेची निर्मिती आहे. ही उष्णता बहुधा घरातूनच येते. तेथील घरे हिवाळाभर आतून तापविलेली असतात. छत व पोटमाळा यांतील उष्णतारोधन अपुरे असेल, अथवा दिव्यांच्या खोबणी, नळ व वायरी जाण्याची भोके, पोटमाळ्याचे झाकण यांतून उबदार हवा वर निसटत असेल, तर पोटमाळा बाहेरच्या हवेपेक्षा बराच उबदार होतो.

यानंतर हिम स्वतःच या प्रक्रियेस हातभार लावते. ताज्या हिमात मोठ्या प्रमाणावर हवा अडकलेली असल्यामुळे ते उत्तम उष्णतारोधक असते. एक साधे उदाहरण घेता येईल. बाहेरचे तापमान उणे १० अंश सेल्सिअस आणि पोटमाळ्याचे ५ अंश आहे असे समजू. छपराची फळी व त्यावरील आवरण यांचा उष्णतारोध सुमारे ०.४ एकक धरला, तर उघड्या छपराचा पृष्ठभाग उणे ८ अंशांच्या आसपास राहील. त्याच छपरावर ३० सेंटिमीटर हलके हिम साचले, की त्या थराचा रोध सुमारे ३ एकक होतो आणि हिमाच्या तळाशी छपराचा पृष्ठभाग अधिक ३ अंशांपर्यंत चढू पाहतो. बाहेर कडाक्याची थंडी असूनही गोधडीखालच्या बाजूने हिम वितळू लागते. हे पाणी हिमाखालून, कोणाच्याही दृष्टीस न पडता, उताराने खाली येते. भिंतीच्या बाहेर आलेल्या छपराच्या भागाखाली मात्र उबदार पोटमाळा नसतो, केवळ बाहेरची हवा असते. तेथे पोहोचताच पाणी गोठते.

या पाण्याचे प्रमाण किती असू शकते, याचा अंदाज करून पाहण्यासारखा आहे. एक किलोग्रॅम बर्फ वितळविण्यास ३३४ किलोज्यूल अप्रकट उष्णता लागते. छपराचे क्षेत्रफळ १०० चौरस मीटर असेल आणि दर चौरस मीटरमागे अवघे ५ वॅट हिम वितळविण्याच्या कामी येत असतील, तर दिवसाला सुमारे १३० लिटर पाणी वळचणीकडे जाते. एखाद्या मध्यम आकाराच्या घरातून ५०० वॅट निसटणे ही काही फार मोठी गळती नव्हे, किंबहुना घरमालकाच्या ती लक्षातही येत नाही.

न्यू हॅम्पशायर राज्यातील हॅनोव्हर येथे असलेल्या अमेरिकी सैन्याच्या शीतप्रदेश संशोधन प्रयोगशाळेतील वेन टोबियासन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील फोर्ट ड्रम या लष्करी तळावरील इमारतींचा या दृष्टीने अभ्यास केला. बाहेरचे तापमान उणे ५.५ अंशांखाली आणि त्याच वेळी पोटमाळ्याचे तापमान उणे १ अंशाच्या वर असताना वळचणीवर त्रासदायक बर्फ साचतो, असे त्यांना आढळले. पोटमाळ्यात पुरेशी बाहेरची हवा खेळती ठेवली की तो साचत नाही. दुखणे वळचणीवर दिसत असले तरी मूळ पोटमाळ्यात आहे, हे या निरीक्षणातून स्पष्ट होते.

येथे छपराच्या रचनेचा उल्लेख आवश्यक आहे. अमेरिकेतील बहुतेक घरांवर डांबरी शिंगल्स असतात. त्या एकमेकींवर चढवून खिळलेल्या असतात आणि पाणी वरून खाली वाहत आहे तोवरच घराचे रक्षण करतात. आपल्याकडील मंगळुरी कौलांचे तत्त्वही हेच आहे. कौलावरून पाणी वाहून जाते. कौल पाणी साठवून धरू शकत नाही. बर्फाच्या बांधामागे पाण्याचे डबके झाले की ते शिंगलच्या कडेखालून, खिळ्यांच्या भोकांतून आत झिरपते. याकरिताच तेथील निवासी इमारतींच्या आदर्श संहितेत, अशा बर्फाचा इतिहास असलेल्या भागांत, छपराच्या कडेपासून बाहेरील भिंतीच्या आत किमान २४ इंचांपर्यंत शिंगलखाली जलरोधक पत्रा अंथरावा असे सांगितले आहे. हा पत्रा बांध रोखत नाही; बांध होणारच, हे गृहीत धरून तो घालावयाचा असतो.

पन्हळीमुळे बांध होतो हाही एक प्रचलित समज आहे. पन्हळ नसलेल्या घरांवरही बांध होतात. मात्र पन्हळ व उभा नळ पूर्ण गोठले की पुढच्या पाण्याला वाटच उरत नाही, बर्फाच्या भाराने पन्हळ भिंतीपासून उखडते आणि तिच्या कडेवरून सुळे लोंबू लागतात. हे सुळे छायाचित्रात मोहक दिसतात; खालून जाणाऱ्याच्या दृष्टीने ते धोकादायक असतात.

बॉस्टनमधील २०१५ चा हिवाळा

समस्येचे गांभीर्य समजण्यासाठी मॅसॅच्युसेट्स राज्यातील बॉस्टन शहराचे उदाहरण पुरेसे आहे. २०१४-१५ च्या हंगामात तेथे ११०.६ इंच, म्हणजे सुमारे २८१ सेंटिमीटर हिम पडले. त्या शहराच्या नोंदींतील हा उच्चांक होता. त्यातही बहुतेक हिम जानेवारीच्या अखेरीपासून पुढील काही आठवड्यांत एकामागून एक आलेल्या वादळांतून पडले आणि फेब्रुवारी महिना असाधारण थंड राहिला. म्हणजे छपरावर जाड गोधडी, बाहेर सतत शून्याखाली तापमान आणि आत तापविलेली जुनी घरे, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. त्या महिन्यात गळणाऱ्या छतांची व भिजलेल्या भिंतींची तक्रार घरोघरी होती. लांब दांड्याचे छपरावरील हिम ओढण्याचे फावडे दुकानांतून मिळेनासे झाले. लोक कॅल्शियम क्लोराइडचे खडे स्त्रियांच्या लांब मोज्यांत भरून ते मोजे बांधावर आडवे ठेवू लागले. हा उपाय विनोदी वाटला तरी त्यामागील रसायनशास्त्र बरोबर आहे. क्षारामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो व बांधात एक घळ पडते. मात्र ते खारे पाणी पन्हळीचा धातू गंजवते आणि खालची झाडेझुडपे जाळते, ही त्याची दुसरी बाजू आहे. कुऱ्हाडीने बर्फ फोडण्याचा मार्गही अनेकांनी पत्करला. त्यात बर्फाबरोबर शिंगल्सही फुटतात, आणि निसरड्या शिडीवर उभ्या असलेल्या माणसाचे काय होईल हे सांगण्याची आवश्यकता नाही. अशा हिवाळ्यानंतर हीटिंग केबलकडे लोकांचे लक्ष वळले तर त्यात नवल नाही.

केबलचे दोन प्रकार

पहिला प्रकार स्थिर वॅटेजच्या केबलचा. यात एक रोधक तार असून विद्युतप्रवाह सुरू होताच ती सर्वत्र सारखीच तापते. तिची शक्ती बहुधा दर मीटरला २० वॅटच्या आसपास असते. पाणी तापविण्याच्या घरगुती कॉइलचे तत्त्व हेच आहे, केवळ तापमान सौम्य असते. ही केबल स्वस्त असते, परंतु ती ठरावीक लांबीचीच घ्यावी लागते. ती कापून आखूड केली तर एकूण रोध कमी होतो, प्रवाह वाढतो आणि तार प्रमाणाबाहेर तापते. ती स्वतःवरून ओलांडून नेणेही निषिद्ध आहे, कारण दोन पदर एकमेकांना चिकटले की त्या ठिकाणची उष्णता बाहेर पडू शकत नाही. पन्हळीत वाळलेली पाने साचली असतील तर तेथेही तेच घडते. तारेला आपण कोरड्या पानांत आहोत की बर्फात, हे कळत नाही.

दुसरा प्रकार स्वनियंत्रित केबलचा. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने हा प्रकार अधिक मनोज्ञ आहे. यात तांब्याच्या दोन समांतर तारा असतात आणि त्यांच्यामध्ये, संपूर्ण लांबीभर, काजळीचे सूक्ष्म कण मिसळलेले पॉलिमर भरलेले असते. वीज एका तारेतून दुसरीकडे या पॉलिमरमधून आडवी जाते. पॉलिमर थंड असताना आकुंचन पावलेले असते, कार्बनचे कण एकमेकांना स्पर्श करून असंख्य वाटा तयार करतात, प्रवाह वाढतो आणि उष्णता निर्माण होते. पॉलिमर तापले की ते प्रसरण पावते, कण दुरावतात, वाटा तुटतात व प्रवाह घटतो. ही क्रिया केबलच्या प्रत्येक बिंदूवर स्वतंत्रपणे होत असते. त्यामुळे एकाच केबलचा बर्फात बुडालेला भाग दर मीटरला ३० ते ४० वॅट देत असताना, पन्हळीबाहेर कोरड्या हवेत असलेला भाग १५ ते २५ वॅटवर थांबू शकतो. येथे वेगळा तापनियंत्रक नसतो; पदार्थाचा गुणधर्म हाच नियंत्रक असतो. तारा समांतर असल्याने ही केबल हव्या त्या लांबीवर कापता येते. मात्र थंड अवस्थेत सुरू करताना ती क्षणभर बराच अधिक प्रवाह ओढते आणि हे लक्षात न घेता मंडल आखले तर पहिल्याच कडक थंडीच्या रात्री ब्रेकर पडतो. तसेच कोरडी असताना तिची शक्ती घटते, शून्य होत नाही. 'स्वनियंत्रित' या शब्दावरून ती आपोआप बंद होते असा अर्थ अनेक ग्राहक काढतात, तो चुकीचा आहे.

केबलकडून अपेक्षा काय असावी

केबल छपरावरचे हिम वितळवील, ही अपेक्षा मुळातच अवास्तव आहे. १०० चौरस मीटर छपरावर ३० सेंटिमीटर हिम असून त्याची घनता दर घनमीटरला २०० किलोग्रॅम धरली, तर एकूण वस्तुमान ६,००० किलोग्रॅम होते. ते वितळविण्यास सुमारे ५५७ युनिट वीज लागेल. केबलची लांबी ६० मीटर व शक्ती दर मीटरला २० वॅट, म्हणजे एकूण १,२०० वॅट असेल, तर एकही ज्यूल वाया न जाता हे काम १९ दिवस चालेल. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता हवेत जाते. दुसऱ्या बाजूने पाहता, एक मीटर केबल तासाला जास्तीत जास्त २१५ ग्रॅम बर्फ वितळवू शकते. एवढ्या शक्तीतून होते ते इतकेच, की बर्फाच्या राशीतून बोटभर रुंदीची घळ उघडी राहते. तीच पुरेशी असते. पाण्याला वाट मिळाली की डबके होत नाही आणि डबके झाले नाही की पाणी घरात शिरत नाही. ही केबल बर्फ काढण्याचे नव्हे, तर पाण्याला वाट देण्याचे साधन आहे.

ही वाट अखंड असणे ही पहिली अट आहे आणि प्रत्यक्षात तीच सर्वाधिक मोडली जाते. छपराच्या कडेवर केबल नागमोडी बसवितात. तिची वरची टोके बाहेरील भिंतीच्या रेषेच्याही थोडी वर, म्हणजे उबदार छपराच्या हद्दीत पोहोचली पाहिजेत, अन्यथा बांध केबलच्या वरच्या बाजूस होतो. नागमोडीची खालची वळणे पन्हळीपर्यंत आली पाहिजेत. पन्हळीच्या तळातून एक पदर सरळ गेला पाहिजे. तेथून तो उभ्या नळात उतरून नळाच्या अगदी तोंडापर्यंत पोहोचला पाहिजे. केवळ पन्हळीत केबल घालून नळ तसाच सोडणे हे काही न करण्यापेक्षा वाईट होय. पन्हळीत वितळलेले पाणी थंड नळात शिरते, तेथे गोठते, नळ तळापासून वर भरत जातो आणि अखेर फुटतो. उभा नळ जमिनीखालच्या पाइपला जोडलेला असेल तर केबल जमीन गोठण्याच्या खोलीखाली न्यावी लागते. मिनेसोटा राज्याच्या इमारत नियमांत पायासाठी ही खोली दक्षिण भागात साडेतीन फूट व उत्तर भागात पाच फूट धरलेली आहे. त्यावरून हे काम किती खोलवर जाते याची कल्पना येईल. पुष्कळ वेळा भूमिगत जोड हिवाळ्यापुरता सोडवून पाणी उघड्यावर काढणे अधिक शहाणपणाचे ठरते. मात्र ते पाणी पायवाटेवर जाऊन गोठणार नाही, हे पाहावे लागते.

पाणी, धातूची पन्हळ आणि वीज एकत्र येत असल्याने सुरक्षेचा विचार ऐच्छिक राहत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेतील ४२६ वे कलम बाहेरील बर्फ व हिम वितळविणाऱ्या स्थिर उपकरणांसाठी स्वतंत्रपणे लिहिलेले असून त्यात भूगळतीपासून उपकरणाचे संरक्षण अनिवार्य केले आहे. छप्पर व पन्हळ यांच्या केबलसाठी 'यूएल १५८८' हे वेगळे मानक आहे. पाण्याच्या पाइपवर गुंडाळण्याची केबल दिसायला तशीच असली तरी ती उन्हात व वाऱ्यात टिकण्यासाठी बनविलेली नसते, त्यामुळे छपरावर वापरू नये. केबल खिळ्यांनी ठोकू नये, तिच्यासाठी बनविलेल्या क्लिपांनी धरावी. तात्पुरत्या एक्स्टेन्शन वायरवर ती हिवाळाभर चालविणे हे तर आगीला आमंत्रण आहे. बसविण्याचे काम पानगळ संपल्यावर, पन्हळ स्वच्छ करून, पहिल्या हिमापूर्वी व्हावे. प्रत्यक्षात लोकांना केबलची आठवण होते ती छत गळू लागल्यावर, जेव्हा छपरावर चढणे सर्वांत धोक्याचे असते.

वीजखर्चाचा प्रश्न

वरील १,२०० वॅटची केबल दिवसरात्र चालली तर दिवसाला २८.८ युनिट आणि ९० दिवसांच्या हिवाळ्यात २,५९२ युनिट वीज लागेल. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या आपल्याकडील कुटुंबाला एवढी वीज सुमारे तेरा महिने पुरेल. केवळ तापमान पाहणारा नियंत्रक बसविला तर काही बचत होते, परंतु हिम नसलेल्या कोरड्या थंडीतही केबल चालूच राहते. तापमान आणि ओल दोन्ही ओळखणारा संवेदक असेल तर ती पाणी असतानाच चालते. अशा रीतीने ती एकूण काळाच्या चौथ्या भागापुरतीच चालली तर खर्च ६४८ युनिटांवर येतो. केबलच्या किमतीत काटकसर करणारा ग्राहक बहुधा या संवेदकालाच फाटा देतो, आणि हिशेब नेमका तेथेच चुकतो.

यात एक विसंगती आहे आणि ती नजरेआड करता येत नाही. घर तापविण्यासाठी विकत घेतलेली उष्णता छतातून निसटते, ती हिम वितळविते, ते पाणी वळचणीवर गोठते आणि तो बर्फ वितळविण्यासाठी पुन्हा उष्णता विकत घेतली जाते. एकाच गळतीचे बिल दोनदा भरले जाते. छतातील भोके बुजविणे, उष्णतारोधन वाढविणे आणि पोटमाळ्यात वळचणीकडून आढ्याकडे हवा खेळती ठेवणे हे काम एकदाच करावे लागते व त्यात पहिल्या बिलाचीही बचत होते. यांतील क्रमही महत्त्वाचा आहे. भोके न बुजविता केवळ रोधन अंथरले तर उबदार दमट हवा त्यातून वर जातच राहते आणि थंड झालेल्या फळीवर दवरूपाने साचून लाकूड कुजविते.

तथापि केबल हा सर्वत्र चुकीचा उपाय आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. घराची गळती नसतानाही उन्हाने दक्षिणेकडच्या छपरावरील हिम वितळते आणि सावलीतल्या पन्हळीत गोठते. दोन उतार मिळतात त्या खोबणीत दोन्हीकडचे पाणी एका अरुंद जागी येते. वरच्या मजल्याच्या छपराचे पाणी खालच्या छपरावर पडत असेल तर खालच्या पोटमाळ्याचे रोधन कितीही उत्तम असले तरी ते पाणी येणे थांबत नाही. अशा ठिकाणी दोष इमारतीच्या आकारात वा सूर्याच्या दिशेत असतो. तेथे नेमक्या तेवढ्या भागापुरती केबल घालणे हाच व्यवहार्य मार्ग राहतो.

मिनियापोलिससारख्या शहरातील जुन्या दीड मजली घरांत या प्रश्नाचे तिसरेच रूप दिसते. तेथे जानेवारीचे सरासरी तापमान उणे ९ अंशांच्या आसपास असते आणि वर्षाकाठी सरासरी १३० सेंटिमीटर हिम पडते. या घरांत छपराखालीच निजण्याच्या खोल्या काढलेल्या असतात. उतरते छप्पर हीच खोलीची भिंत व छत असते. रोधनाला जागा मिळते ती वाशांच्या जाडीएवढी, आणि ती भरली तर हवेला वाट उरत नाही. येथे मूळ दुरुस्ती म्हणजे जुनी शिंगल्स काढून छपराच्या वरून रोधन घालणे व नवे आवरण चढविणे. हे काम छप्पर बदलण्याची वेळ येते तेव्हाच परवडते, आणि शिंगल्सचे आयुष्य साधारण वीस-पंचवीस वर्षांचे असते. अमेरिकेत स्थायिक होणारी मराठी कुटुंबेही जेव्हा अशी जुनी घरे विकत घेतात, तेव्हा घर बहुधा उन्हाळ्यात पाहिलेले असते. त्या वेळी वळचणीवरून लोंबणारी केबलची जुनी नागमोड ही घराची सोय म्हणून दाखविली जाते. वास्तविक त्या छपरावर पूर्वी बर्फाचा बांध झाल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी केबल कोणत्या प्रकारची आहे, ती उभ्या नळाच्या तोंडापर्यंत पोहोचली आहे काय, तिच्या मंडलाला भूगळतीचे संरक्षण आहे काय, आणि शिंगल्स बदलण्यास किती वर्षे उरली आहेत, हे चार प्रश्न विचारणे इष्ट होय. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून केबल आणखी किती हिवाळे चालवावी लागेल ते कळते.